परक्या मांडीवरची पिशवी

साओ पावलोत शिवणकामाला आलेल्या आम्हा बोलिवियाच्या माणसांत निकोलासा तार्कीचा दरारा होता. व्हिला मारियाहून ब्रासला जाणारी ती खच्चून भरलेली बस तिने वर्षानुवर्षं पकडली, पण तिच्या वस्तूला कधी कुणाचं बोट लागलं नाही. बाकीचे सगळे एकदा तरी नागवले गेले होते. कारखान्याचा मालक तर भर दुपारी नवाकोरा फोन घालवून बसला आणि वर "कुठेतरी ठेवला असेल" म्हणत फिरला. म्हणून गावाकडून नवं माणूस आलं की त्याला मशीन दाखवायच्या आधी निकोलासाच्या हवाली करत.

तिची शिकवणी बसथांब्यापासूनच सुरू व्हायची. पिशवी पोटावर, पाठीवर फक्त वेण्या. दाराशी रेंगाळायचं नाही. कुणी अंगावर काही सांडलं, पायाशी चिल्लर पाडली, तरी खाली बघायचं नाही. सगळ्यात अवघड धडा मात्र शेवटी. बोलता बोलता ती एकदम आपल्या आयमारा भाषेत ओरडायची, "खिसेकापू आला, सांभाळा!" की नवख्याचा हात गेलाच. कुणाचा कमरेला, कुणाचा मोज्याकडे, बायकांचा पोलक्यात.

"झालं! दाखवलंस चोराला कुठे लपवलंय ते," निकोलासा हसायची. "अरे, तो मेला स्वतःच ओरडतो आणि तुमचे हात बघत उभा राहतो. हात जागचा हलता कामा नये."

हा धडा सगळ्यांना जमला. जमला नाही तो फक्त योवानाला, आणि ती तर घरातलीच. योवानाचं जावळ काढताना पहिली कात्री निकोलासाने चालवली होती. म्हणजे आमच्या रीतीने ती पोरीची माद्रिना झाली, आईच्या बरोबरीची. निकोलासाला स्वतःचं मूल नव्हतं. तिनेच योवानाला इकडे आणलं, आपल्या खोलीत ठेवलं, शेजारच्या मशीनवर बसवलं. पोरगी हाताला चलाख होती, पण "खिसेकापू" म्हटलं की तिचा हात उडायचाच. "तुला तर आंधळा चोरसुद्धा लुटेल," निकोलासा म्हणायची आणि तिच्या डोक्यावर टपली मारायची.

एवढी सावध बाई रोज सकाळी आपली पिशवी मात्र एका परक्या बाईच्या मांडीवर ठेवायची. ती बाई म्हणजे लिंदाल्वा. याच देशाच्या ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखातून या शहरात आलेली, कुणा डॉक्टराच्या घरी स्वयंपाकाला जाणारी. पहिल्याच थांब्याला चढायची, म्हणून तिला बसायला मिळायचं. इथल्या लोकांची रीतच आहे, बसलेल्याने उभ्याची पिशवी न विचारता मांडीवर घ्यायची. निकोलासाला ही रीत कुठे ठाऊक? लिंदाल्वाने पहिल्यांदा पट्टा धरून ओढला, तेव्हा हिने तिच्या हातावर फटका मारला होता.

"अगं पोरी," लिंदाल्वा हात चोळत म्हणाली होती, "चोर कधी बसलेले पाहिलेस का? चोर उभे असतात. दे इकडे, पाठ मोडेल तुझी."

त्या फटक्यातून मैत्री झाली. लिंदाल्वाच्या मांडीवर रोज तीन-चार पिशव्यांचा ढीग असायचा आणि त्यात सगळ्यात वर निकोलासाची. एक मक्याच्या पिठाचा केक आणायची, दुसरी आमच्या बोलिवियाच्या तिखट करंज्या. लिंदाल्वाचा नवरा गेला तेव्हा ती निकोलासाच्या त्याच पिशवीवर डोकं टेकून ब्रासपर्यंत रडली होती.

ऑगस्टातला येशूच्या माउलीचा उत्सव जवळ आला. निकोलासाकडे तिच्या आईचे मोत्यांचे सोन्याचे झुबे होते. एकाची कडी सैल झाली होती. सोनाराकडून ती घट्ट करून घ्यायची आणि उत्सवात नाच झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, ते योवानाच्या कानांत घालायचे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पोरीला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून बोलली मात्र कुणालाच नाही. झुबे पिशवीच्या आतल्या कप्प्यात घातले, वर पिन लावली. योवाना बाजूलाच केस विंचरत होती. सकाळी पिशवी नेहमीसारखी लिंदाल्वाच्या मांडीवर होती. कारखान्यात ती मशीनमागच्या खुंटीला लटकली. संध्याकाळी सोनारासमोर कप्पा उघडला, तर आत काही नाही. पिन मात्र जशीच्या तशी लावलेली.

 निकोलासा तशीच कारखान्यात परतली आणि सगळं सांगितलं.

"पिन परत लावली?" मालकाची बायको म्हणाली. "खिसेकापूला एवढी फुरसत कुठली?"

"उभ्या चोराला नसते," योवाना मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "बसलेल्याला असते. पिशवी मांडीवर, भोवती आणखी तीन पिशव्या. त्यांच्याआड हात काय करतायत, कुणाला दिसणार? माद्रिना, तुम्ही सगळ्या जगाला शिकवता, आणि स्वतः..."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. परक्यांचा काय भरवसा, असंही कुणीतरी म्हणालं. निकोलासा रात्रभर तळमळली. आणि सकाळ होईतो तिची खात्री पटली होती, कारण खात्री पटवून घेणं सोपं होतं. आपल्यांवर संशय घ्यावा असं तिच्या मनात आलंच नाही.

सकाळी बसमध्ये लिंदाल्वाने नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले. "दे गं पोरी."

"नको," निकोलासा म्हणाली, आणि तीही सगळ्या बसला ऐकू जाईल अशी. "माझ्या आईचे झुबे गेले या पिशवीतून. ज्या मांडीवर विश्वासाने ठेवली, त्या मांडीवरून गेले."

लिंदाल्वाचे हात तसेच पुढे राहिले. "काय म्हणतेस तू?" तिने इतक्या हळू विचारलं की जवळच्यांनाच कळलं. निकोलासाने तोंड फिरवलं. मागच्या बाईने लिंदाल्वाच्या मांडीवरची आपली पिशवी उचलून घेतली, मग एका उंच माणसाने आपली. त्या दिवसानंतर लिंदाल्वाला कुणी पिशवी दिली नाही. भरल्या बसमध्ये ती रिकामी मांडी घेऊन बसायची. निकोलासाला ते दिसायचं आणि बरंही वाटायचं. वाईट आहे, पण वाटायचं.

उत्सवाच्या रविवारी कारखान्यातली सगळी मंडळी नटूनथटून बसमध्ये चढली. बायका घेरदार झग्यांत, डोक्यावर उभट गोल टोप्या. निकोलासाचे कान मोकळे होते. सोबत गावाकडून नुकताच आलेला सेवेरो नावाचा पिकल्या मिशांचा गृहस्थ होता. मालक म्हणाला, "निकोलासा, याची परीक्षा घ्यायची राहिलीय हं!" तिला खरं तर हौस नव्हती. पण आग्रह झाला, आणि ती ओरडली, "खिसेकापू आला, सांभाळा!"

सेवेरोने मिशांना हात लावला. सगळे खो-खो हसले. निकोलासाही हसत वळली, आणि तिला योवाना दिसली. योवानाने दोन्ही हातांनी टोपी घट्ट दाबून धरली होती.

बसच्या खिडक्या बंद होत्या. वारा नव्हता. निकोलासा टोपीकडे बघत राहिली आणि योवानाला कळलं की तिला कळलंय. तिने हात खाली घेतले, पण आता काय उपयोग? उत्सवाच्या मैदानाशी उतरल्यावर निकोलासाने तिला एका बाजूला नेलं आणि काही न विचारता टोपी काढली. अस्तराच्या आत झुबे होते.

"कुणाला देणार होतीस?"

"ला पास शहराहून एक सोनं विकत घेणारा आलाय आज." योवाना आधी रडली, मग चिडली. "मला माझी वेगळी खोली हवी होती. तुमच्या कॉटशेजारी किती दिवस झोपू? आणि शेवटी ते माझेच होणार होते ना? तुम्ही कधी देणार होता? मेल्यावर?"

"आज," निकोलासा म्हणाली. "नाच झाल्यावर."

 निकोलासाने झुबे काढून घेतले, टोपी योवानाच्या डोक्यावर परत ठेवली, सरळ केली आणि ती नाच न बघता घरी गेली. ज्या पोरीचं जावळ आपल्या हाताने काढलं, तिने आपल्या उशाशी राहून आपल्याला लुटलं, आणि वर कुणावर आळ घ्यायचा तेही आपल्याला शिकवलं. ती घरी जाऊन ओक्साबोक्शी रडली. पण रडताना तिच्या डोळ्यांपुढे योवाना येत नव्हती. ते दोन पुढे केलेले हात येत होते.

सोमवारी ती बसमध्ये चढली आणि गर्दीतून वाट काढत लिंदाल्वाच्या बाकापाशी गेली.

"लिंदाल्वाबाई, झुबे सापडले. आमच्याच पोरीने घेतले होते. माझं चुकलं."

"बरं झालं सापडले," लिंदाल्वा खिडकीकडे बघत म्हणाली.

निकोलासाने पिशवी पुढे केली. लिंदाल्वाने ती घेतली नाही.

"तू सगळ्यांचे हात बघतेस ना, पोरी? त्या दिवशी माझे का नाही बघितलेस? पुढेच तर केले होते." मग म्हणाली, "आणि हे माझ्या कानात कशाला सांगतेस? ते तर तू सगळ्या बसला सांगितलं होतंस."

खरंच होतं ते. निकोलासाने दांडा घट्ट धरला, छाती भरून श्वास घेतला आणि आपल्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये ओरडली, "ऐका हो! चोरी..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. साऱ्या बसमधले हात उडाले, कुणाचा खिशाला, कुणाचा फोनला. "चोरी हिने केली नव्हती!" निकोलासा पुन्हापुन्हा सांगत राहिली, पण जो तो आपलं चाचपण्यात गुंतला होता. लिंदाल्वाशेजारी बसलेल्या मुलीने आपली पर्स उचलली आणि तिच्यापासून दूर, खिडकीच्या बाजूला नेऊन ठेवली.

लिंदाल्वाने ते बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.