राणीपायी धरलेली पाटी

आमच्या मिरजगावच्या प्रौढ वर्गातून अक्षरं फारशी निघाली नाहीत, किस्से मात्र पोत्यानं निघाले. एक विसरावा तर दुसरा आठवतो. म्हणून एकदाचे सांगूनच टाकतो.

मला वाचायचं होतं ते एका राणीपायी. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. पहिल्या दिवशी सगळं गाव टक्क जागं. त्या अध्यायात राणीला रानात सोडतात. दुसऱ्या दिवसापासून आमची खुरपणी सुरू. देवळात खांबाला टेकलं की डोळा लागायचा. दरवर्षी हेच! पहिला अध्याय तोंडपाठ, पुढं अंधार.

पोथी वाचणाऱ्या जोशीकाकांना विचारलं, तर म्हणाले, "झोपलास ना? मग ये पुढच्या वर्षी!"

शेजारच्या धोंडीतात्याला विचारलं.

"मला काय इचारतो? म्या तुज्याच खांद्यावर घोरत हुतो!"

म्हणून या वयात पाटी धरली.

* * *

गुरुजी नगरहून आलेले, कोवळं पोरगं. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून पाटीवर 'श्री' काढून घेतलं आणि म्हणाले, "आता पुसा."

धोंडीतात्यानं पाटी छातीशी धरली. "देवाचं नाव थुकीनं पुसू व्हय?"

"मग पाण्यानं पुसा, तात्या."

"म्हंजी बुडवू?"

दुसऱ्या दिवशी तात्या रिकाम्या हातानं हजर. पाटी देव्हाऱ्यात, वर हळदकुंकू! गुरुजींनी दुसरी पाटी दिली आणि निमूट 'गवत' शिकवायला घेतलं.

* * *

मग चित्रांचा तक्ता आला. 'ट' आणि खाली टरबूज. आम्ही चित्र बघून एका सुरात ओरडलो, "क!"

"क कुठून आला?"

"कलिंगडाचा, गुरुजी!"

गुरुजींनी चित्रावर हात ठेवला. "आता नुसतं अक्षर वाचा."

तात्या हळूच म्हणाला, "हात काढा की, वाचतो."

* * *

लढाईचे दिवस. रॉकेल मिळेना. दिवस मावळला की उजेड तेवढा आमच्या वर्गातल्या सरकारी तेलाच्या कंदिलाचा, त्यामुळं निम्मं गाव तिथंच. बायका डाळ निवडायच्या. गणपत न्हावी धोपटी घेऊन यायचा.

एकदा माझी दाढी चालली होती.

"आबा, वर फळ्याकडे बघा," गुरुजी म्हणाले.

"मान खाली!" गणपत.

"आबा, वर!"

मी वर बघितलं आणि गाल कापला! गणपत गुरुजींवरच उखडला, "येका टायमाला येकच काम करू द्या की मानसाला!"

* * *

मला कुठं चार सोपे शब्द लागायला लागले होते, तेवढ्यात परीक्षा घ्यायला नगरहून साहेब आले. "एखादा ग्रंथ आणा," म्हणाले. जोशीकाकांनी पोथी दिली. साहेबांनी पहिलंच पान माझ्यापुढं धरलं.

मी अक्षरं जुळवायला घेतली. पण पहिला शब्द लागला मात्र, तोंड आपोआप सुटलं! डोळे मागं, जीभ पुढं. राणी रानात पोचली, तरी पान उलटलेलं नाही. साहेब डोळे मिटून ऐकत होते.

"शाब्बास!"

तात्यानंही तोच अध्याय म्हटला. मग सगळ्यांनीच. अख्खा वर्ग पास! "मिरजगावचं काम झालं," म्हणत साहेबांनी कंदील, तक्ता आणि गुरुजी, तिन्ही पुढच्या गावासाठी मोटारीत चढवायला सांगितले.

मी मोटारीपुढं आडवा उभा राहिलो. "सायेब, गुरुजींना नेऊ नका. मला वाचता येत न्हाई!"

गुरुजींनी मान खाली घातली. साहेब त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा! विद्येनं माणूस किती नम्र होतो!"