फळीवर उभी राहणारी मिरची

वाघमारेकाका ढोबळी मिरची उभी करून पाहत आणि मगच घेत. शहाड स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याच्या फळीवर ते एकेक मिरची बुडावर ठेवत, हात काढून घेत आणि वाकून बघत. कलंडली की परत टोपलीत. मागे गिऱ्हाईक खोळंबे. एकदा भाजीवाला वैतागून म्हणाला, "काका, भाजी करायचीय की पहाऱ्याला ठेवायचीय?" काका शांतपणे म्हणाले, "जी फळीवर उभी राहत नाही, ती कढईत काय राहणार?" वर टोपलीतल्या उरलेल्या मिरच्या त्यांनी नीट रचून दिल्या. त्यामुळे तो आणखीच चिडला.

आमची दारं समोरासमोर होती. काका मूळचे साताऱ्याकडचे, मोहन्याच्या एका कारखान्यात फिटर. त्यांच्या बायको, शालिनीकाकू, अकोल्याच्या. काका ढोबळी मिरची म्हणत, काकू शिमला मिरची म्हणत आणि मी ठाण्याची, त्यामुळे आमच्या घरात तिला भोपळी म्हणतात. यावरून जिन्यात बराच वेळ जाई. काकू म्हणत, "ढोबळी काय म्हणता, ऐकूनच भूक मरते." काकांचं उत्तर ठरलेलं, "नाव बाजारापुरतं. चूल कुणाला नाव विचारत नाही."

काकू रविवारी भरल्या मिरच्या करत. सारण कशाचं, हे काकांनी कधी विचारलं नाही. आयतं ताटात पडत असलं की माणूस विचारत नाही. आमच्याकडेही वेगळं काही नाही. मग काकू एका आजारपणात अचानक गेल्या. काका तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. ते कुकर लावायला आणि चपात्या लाटायला शिकले. चपात्या गोल होत नसत, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे.

वर्षभराने त्यांची मुलगी प्रज्ञा नाशिकहून बाळंतपणाला आली. एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "बाबा, आईसारखी भरली शिमला मिरची खावीशी वाटतेय." काका दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्या दारात उभे. "पोरगी माहेरी आलीय आणि माहेरात आई नाही," ते म्हणाले. "निदान चव तरी असू दे. सांगा, काय भरायचं?"

मी ओलं खोबरं आणि कोथिंबीर सांगितली. तळमजल्यावरच्या कुलकर्णीबाई पुण्याच्या. त्यांनी बेसन, दाण्याचं कूट आणि चिमूटभर साखर लिहून दिली. काकांनी दोन्ही करून पाहिलं. प्रज्ञा प्रत्येक वेळी म्हणाली, "छान झालीय, बाबा." काका मला जिन्यात म्हणाले, "छान म्हणाली म्हणजे ती चव नाही. आईच्या मिरचीला ती कधी छान म्हणाली नाही. नुसती खायची."

उलगडा केला हिराबाईने. ही खाडीकाठची कोळीण बुधवारी सुकट विकायला येई आणि काकूंच्या स्वयंपाकघरात बसून पाणी पिऊन जाई. काकांनी तिलाही वही दाखवली. तिने वहीकडे पाहिलंही नाही. "आम्ही त जवला भरतो," ती म्हणाली. "पन काकू चपाती भरायची. तुमचे डब्यान रोज एक उरायची ना, तीच. तव्यावर कडक भाजायची, चुरायची, नि डब्यान टाकून ठेवायची रविवारपरत."

काकांनी वही मिटली. मग मला म्हणाले, "ती रोज चार द्यायची. मला तीन पुरायच्या. तीनच दे, एवढं म्हणायचं राहून गेलं बघा."

"आणि काकू?"

"रोज विचारायची, एक परत का आणली? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार."

काकांनी लगेच घरातली शिळी चपाती भाजून चुरली, त्यात दाण्याचं कूट घातलं, मिरच्या भरल्या. प्रज्ञा म्हणाली, "छान झालीय."

सोमवारी सकाळी साडेसातला काका पिशवीत डबा घेऊन निघाले. मी विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "ड्युटीवर." माणसाचं डोकं फिरलं, असं मला वाटलं, आणि मी तसं घरात बोलूनही दाखवलं. त्याची मला आजही लाज वाटते. काका मोहन्याला गेले होते. कारखान्याबाहेरच्या झाडाखाली बसून त्यांनी दुपारी तीन चपात्या खाल्ल्या आणि चौथी परत आणली. काकू डब्यात लसणाची चटणी देत, काकांनीही तशीच नेली होती. दिवसभर तिच्या शेजारी राहून चपातीला तेल लागे, वास लागे. घरातल्या चपातीला तो कुठून येणार? शनिवारपर्यंत काका रोज ड्युटीवर गेले.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. प्रज्ञाने एक मिरची खाल्ली, दुसरी घेतली, आणि काहीच बोलली नाही. काका उठून आत गेले आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसू लागले.

प्रज्ञाला मुलगी झाली, ती सासरी गेली. काका नंतर सहा वर्षं होते. अधूनमधून सकाळी डबा घेऊन जाताना दिसत. पाय मोकळे करायला जात असतील, असं समजून मी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या आजाराने ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर प्रज्ञा आणि मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. फळीवर पत्र्याचा डबा होता. तो भाजलेल्या चपातीच्या चुऱ्याने काठोकाठ भरलेला होता. प्रज्ञा डबा मांडीवर घेऊन खाली बसली.

"मी कधीही न कळवता यायचे," ती म्हणाली. "तरी रविवारी मिरच्या असायच्याच. मला वाटायचं, योगायोग."

मला रडू आलं. ती रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, बाजारातून पाव किलो शिमला मिरची आणता?"

मी शहाड स्टेशनबाहेर त्याच भाजीवाल्याकडे गेले. एक मिरची उचलली आणि फळीवर ठेवून हात काढला. ती कलंडली. दुसरी घेतली. भाजीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग फळीवरची मेथी बाजूला सारून मला जागा करून दिली.