वंशावळीचा अध्याय

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेच्या वेळी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं काम अठरा वर्षं माझ्याकडे होतं. शहापूरला हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही पंचवीस-तीस माणसं रविवारी जमतो. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, मुरबाडहून मोटरसायकलवर येतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती, त्यामुळे लहानपणी वचनं पाठ करण्याच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर ठरलेला. ‘बाई वाचतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं,’ असं लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर उपासनेतलं मला सगळ्यात जास्त तेच आवडायचं.

मग ती आली. डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरची, चाळिशीच्या आसपासची बाई. शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. नवरा भातशेती आणि मजुरी करायचा. तो येत नसे, पण तिला अडवतही नसे. अर्धा तास चालून ती रस्त्याला लागायची, मग जीप पकडून शहापूरला, आणि एवढं करून आमच्या सगळ्यांच्या आधी जिन्यात हजर. तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी तिच्या साध्या मोबाइलमध्ये शास्त्राचं वाचन भरून दिलं होतं. लावणी करताना, चुलीपाशी, वाटेनं चालताना ती ते ऐकत असे.

तिसऱ्याच रविवारी मला ती खटकली. मी वाचत होते आणि पुढच्या रांगेत तिचे ओठ हलत होते. माझ्यासोबत नाही, माझ्या किंचित पुढे. उपासना संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, एक ओळ राहिली.”

“कुठली?”

तिनं ती म्हणून दाखवली. बरोबर होतं. पान उलटताना माझी एक ओळ सुटली होती. इतकी वर्षं अशा किती ओळी सुटल्या असतील. कुणाला कळलं नव्हतं.

मी हसून “हो गं, राहिली” म्हटलं आणि घरी आल्यावर भांडी जरा जोरातच आपटली.

पुढं काही महिन्यांनी, पाळक शेजारी उभे असताना तिनं विचारलं, “बाई, मला वाचायला शिकवाल का? फोनमधला माणूस लई भरभर जातो. मला थांबायचं असतं, तो थांबत नाय.” पाळक नसते तर मी काहीतरी सबब सांगितली असती. त्यांच्यादेखत नाही म्हणता येईना. ती आठवड्यातून एकदा दुपारी शाळा आटोपून माझ्या घरी येऊ लागली.

तीस वर्षं मी पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली; अशी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती, हे मला तेव्हाच कळत होतं. आणि म्हणूनच त्रास होत होता. अर्धं शास्त्र तिला ऐकून पाठ होतं, त्यामुळे दोन अक्षरं जुळली की ती पूर्ण ओळ सांगून मोकळी व्हायची. मी ओळीवर तळहात ठेवायचे. “पाठ म्हणू नकोस. वाच.” शाळेत मुलांशी मी कधी इतक्या कोरडेपणानं बोलले नव्हते. ती निमूटपणे पुन्हा बोट ठेवायची.

एकदा एका परक्या गावात आलेल्या विधवेची गोष्ट वाचताना ती मध्येच थांबली. डोळे भरलेले. मी शांतपणे भाजी निवडत होते.

“बाई, तुमाला हितं रडू नाय येत?”

“मी हे खूप वेळा वाचलंय गं.”

“म्हनून तर इचारलं,” ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता, पण मला ते लागलं. ती गेल्यावर मी माझं शास्त्र उघडलं. चेनचं कव्हर, सोनेरी कडा, एकही डाग नाही. तिचं पुस्तक पाळकांनी दिलेलं जुनं होतं, आणि सहा महिन्यांत ते फुगून दुप्पट झालं होतं. पानांवर हळदीची बोटं, तेलाचे ठिपके, कोपऱ्यांना घड्या. मी तीच गोष्ट पुन्हा वाचली, रडू यावं म्हणून. आलं नाही.

त्यानंतर सगळीकडे तिचंच नाव. पाळक प्रवचनात म्हणाले, “शास्त्राची भूक काय असते, ते या ताईंकडून शिका.” तिला शिकवलं कुणी, याचा उल्लेख नाही. मुरबाडच्या मंडळीतल्या बायका भेटल्या की मला विचारायच्या, “त्या डोळखांबच्या बाई बऱ्या आहेत ना?” माझी चौकशी कुणी करेना. एकदा जेवताना मी तिच्या एका चुकीच्या उच्चाराची नक्कल करून दाखवली. माझे मिस्टर हसले नाहीत. म्हणाले, “तुला झालंय काय?” मी ताट उचलून आत गेले.

भाताची कापणी उरकल्यावर मुरबाडला दोन्ही मंडळ्यांची मिळून आभाराची उपासना असते. त्या वर्षी पाळकांनी ठरवलं की शास्त्र तिनं वाचायचं. मला म्हणाले, “बाई, उतारा तुम्हीच निवडा. तिला काय झेपेल ते तुम्हाला ठाऊक.”

मला ठाऊक होतं. कोणतं मूल कोणत्या अक्षरावर अडखळेल हे ओळखणं हाच माझा धंदा होता. मी वंशावळीचा एक अध्याय निवडला. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा आणखी कुणी; जोडाक्षरांनी भरलेली परकी नावं, ज्यांत पाठांतर कामाला येत नाही. फोनमध्येसुद्धा ती हा भाग पुढं ढकलत असणार, असा माझा हिशेब. ‘जोडाक्षरांचा सराव होईल,’ असं मी स्वतःला सांगितलं आणि पानावर नखानं खूण करून दिली.

मुरबाडला हॉल भरला होता. ती पुढं उभी राहिली, बोट ठेवलं आणि सुरू केलं. तिसऱ्या नावाला अडली. अक्षरं सुटी केली, जुळवली, पुढं गेली. पुन्हा अडली. मागच्या बाकावरची पोरं खुसखुसली. कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. पाळकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी नजर खाली केली. मला वाटत होतं, आता ती थांबेल. ती थांबली नाही. एकही नाव गाळलं नाही. अध्याय संपला तेव्हा तिचा पदर घामानं मानेला चिकटला होता.

खाली बसायच्या ऐवजी ती म्हणाली, “मला बोलायचं नाय, पन एक सांगते. माझ्या आज्याच्या बापाचं नाव आमच्या घरात कुनाला ठाऊक नाय. कुनी लिवलंच नाय. हितं देवानं एकेकाचं नाव लिवून ठेवलंय. आमची बी त्याच्याकडं असतील.” आणि जाऊन बसली.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी डोळे पुसत होत्या.

मला आधी लाज वाटायला हवी होती. पण आधी आली ती जळजळ, पूर्वीपेक्षाही जास्त. तो अध्याय मी जन्मभर पान उलटून ओलांडला होता. तिला तोंडघशी पाडायला मी जे कोरडं म्हणून दिलं, त्यातून तिला खायला मिळालं आणि मी उपाशीच. लाज नंतर आली, जेवणाच्या पंगतीत, ती मला वाढायला आली तेव्हा.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. सरळगाव मागं पडल्यावर मी म्हटलं, “तो अध्याय मी मुद्दाम दिला होता. तू अडखळावीस म्हणून.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “पोरं हसली तवा वाईट वाटलं.”

“मला तुझा हेवा वाटतो गं. खूप दिवसांपासून.”

“माझा?” तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग होता. मी तो पहिल्यांदा पाहत होते. “तुमच्या घरात हे पुस्तक तुमच्या जन्माच्या आधीपासून. मी चाळीस वर्सं वाट पायली. हेवा करून काय व्हतंय? वाचा ना मग.”

किन्हवली आली, गेली. शहापूरला उतरल्यावर ती डोळखांबच्या जीपकडे निघून गेली.

तीन आठवडे ती घरी आली नाही, रविवारीही नाही. पहिल्या आठवड्यात मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलंच पाहिजे. चौथ्या आठवड्यात मी सकाळची जीप पकडून डोळखांबला गेले आणि विचारत विचारत पाड्यावर पोचले. ती अंगणात नाचणीची कणसं झोडपत होती. मला पाहून काठी थांबली.

“बाई? चालत आलात?”

“माफी मागायला आले.”

“बसमदी कबूल केलंत की,” ती म्हणाली. “नाचनीची घाई व्हती म्हनून आले नाय.” ते पूर्ण खरं नव्हतं, दोघींनाही माहीत होतं. तिनं पाणी दिलं, आतून पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. “माझे हात गुंतलेत. तुमी वाचा.”

मी विचारलं, कुठून? तिनं घडी घातलेलं पान दाखवलं. मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला ती म्हणाली, “परत.” मी परत वाचली. “परत. हळू.” तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज कसा लागतोय इकडं माझं लक्ष राहिलं नाही. घर सोडून गेलेल्या आणि परत येणाऱ्या मुलाला बाप लांबूनच ओळखतो, एवढंच त्या ओळीत होतं. मला माझे वडील आठवले, आणि मी त्यांच्याशी शेवटची दोन वर्षं बोलले नव्हते तेही. पुढचं मला वाचता येईना. ती झोडपत राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

आता रविवारी आम्ही आळीपाळीनं वाचतो. माझा हेवा गेलेला नाही. तिनं पूर्ण शास्त्र एकदा वाचून संपवलंय आणि पुन्हा सुरुवातीला लागलीय. मी अजून मध्यावरच, संदेष्ट्यांच्या पुस्तकांत रखडतेय. भेटली की मी विचारते, “कुठवर आलीस?” ती सांगते, आणि ती माझ्या किती पुढं आहे ते मी अजूनही मोजते. फक्त आता मी भांडी आपटत नाही. घरी येऊन चष्मा लावते आणि बसते. कितीतरी दिवस काही हाती लागत नाही, अक्षरं नुसती डोळ्यांखालून जातात. मग मी स्वतःलाच म्हणते, परत. हळू.