पाचांतला एक ठिपका

विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर यज्ञेश्वरराव दोन वर्षं नुसते खुर्चीत बसून होते. मग एका उन्हाळ्यात काय अंगात आलं कोण जाणे, त्यांनी अंगणातल्या जुन्या फियाटचं इंजिन स्वतःच उघडलं. स्वारगेटच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, की हिच्यात आता काही राम नाही. पुण्याच्या माणसाला पेटायला एवढं पुरतं. त्यांनी पुस्तकं आणली, हात काळे केले आणि घरातल्या चांगल्या परातीत पिस्टन धुतले. परात गेली तेव्हा पत्नी मंदाकिनीबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, की दसऱ्यापर्यंत गाडी सुरू झाली नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. यज्ञेश्वररावांनी तोऱ्यात शब्द दिला.

दसरा उजाडला तेव्हा इंजिन जोडून झालं होतं. राहिलं होतं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते ठरवणं. पहिला पिस्टन पार वर आला, की पुलीवरची खूण काट्यासमोर यायला हवी. मूळची खूण गंजून गेलेली. आदल्या दिवशी घामाघूम होऊन त्यांनी ती जागा शोधली होती, आणि रंग हाताशी नव्हता म्हणून देवघरातलं कुंकू तेलात कालवून तिथं एक ठिपका दिला होता.

दुपारी जेवून ते बॉनेटमध्ये वाकले, तर पुलीवर ओळीनं पाच ठिपके.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाचच. आपणच काल वेंधळ्यासारखे पाच दिले की काय, अशी शंका येऊन त्यांना घाम फुटला. एक ठिपका धरून किल्ली फिरवली, तर इंजिननं उलटा झटका दिला. दुसरा धरला, तर धाडकन बार झाला. शेजारचे श्यामसुंदर गॅलरीतून म्हणाले, "फटाके दिवाळीला असतात, यज्ञेश्वरराव." त्यानंतर कुठला ठिपका बघून झाला आणि कुठला राहिला, हेही त्यांना आठवेना.

आवाज ऐकून मंदाकिनीबाई बाहेर आल्या. गाडीची दसऱ्याची पूजा त्यांनीच केली होती, सकाळी यज्ञेश्वरराव झेंडू आणायला मंडईत गेलेले असताना. पुलीवर एकच कुंकू दिसलं, ते एकटं बरं दिसेना, म्हणून त्यांनी आणखी चार ठिपके देऊन पाच पुरे केले. यज्ञेश्वररावांना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"मी आधी हळद लावते, मग कुंकू," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या ठिपक्याखाली हळद नसेल."

यज्ञेश्वररावांनी नखानं एकेक ठिपका खरवडला. चौथ्याखाली नुसतं काळं लोखंड निघालं. तो धरून टायमिंग लावलं, किल्ली फिरवली, आणि इंजिन खोकून खोकून एकदाचं सुरू झालं.

आनंदानं ओरडायचं सोडून ते पुन्हा गोंधळात पडले. जी गाडी उद्या भंगारात घालायची, तिची ही साग्रसंगीत पूजा कशाला, असं त्यांनी विचारलं.

"निरोप द्यायचा होता तिला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "अहो, दोन वर्षं तुमच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. ही उघडलीत तेव्हापासून निदान भांडता तरी. आता ही सुरू झाली. उद्यापासून काय?"

यज्ञेश्वररावांचा हात किल्लीवर होता. इंजिन बंद करावं की तसंच राहू द्यावं, हे त्यांना कळेना.