सगळ्यांना चालेल अशी गिटार

मालाडच्या आमच्या गावठाणात मॉनिकाबाय राहते. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांतली, साठीच्या आसपासची, उंची जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी. बिल्डरची माणसं क्रुसासमोरची गल्ली मापायला आली, तेव्हा हिने गल्लीच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बसली. "माप ना, मापून दाखव," म्हणाली. टेप गुंडाळून गेले सगळे. मोर्च्यात माईक धरणारे पुष्कळ बघितलेत मी. अशी बाई एकच.

या बाईला गिटार शिकायची होती. तिची आई उन्हाळ्यात मसाला कांडताना एक गाणं म्हणायची. आता ते मॉनिकाबायशिवाय कुणालाच येत नाही. "मेलनीला शिकवायचंय," ती म्हणायची. मेलनी तिची नात. "नुसतं गायलं तर ही पोरं ऐकतात काय? हातात गिटार असली की बसतात ऐकत."

अंधेरीच्या दुकानात ती मुलाला, ॲश्टनला, घेऊन गेली. सोबत भाची बेव्हर्ली, चर्चमध्ये गिटार वाजवणारी. पुढचं मला बेव्हर्लीनेच सांगितलं, दातओठ खात.

तिने आधी मावशीच्या हातात लहान अंगाची, नायलॉनच्या तारांची गिटार दिली. मॉनिकाबायचा हात वरून अलगद तारांवर आला. बोटं दाबली, सूर निघाला, आणि बाई भर दुकानात खळखळून हसली.

"मम्मी, ही पोरांची वाटते यार," ॲश्टन म्हणाला. "मोठी घे. लग्नात पण वाजवता येईल."

"शिकणार कोण रे, तू की ती?" बेव्हर्ली तडकली.

"अगं पण आवाज तर पाहिजे ना! मांडवात ऐकू यायला नको?"

दुकानदाराने विचारलं, "आंटी, तुम्हाला कुठली आवडली?"

साधा प्रश्न. आणि गल्ली अडवणारी ही बाई लहान गिटार खाली ठेवून म्हणते काय, "सगळ्यांना चालेल अशी द्या."

मला अजून राग येतो. आमच्याकडे बायका अशीच खरेदी करतात. फ्रिज सगळ्यांचा, मिक्सर सगळ्यांचा, चप्पलसुद्धा अशी, की घाईत कुणीही पाय सरकवून जावं. अरे, पण गिटार अंगाला लावून वाजवायची असते. ब्लाउज कुणी सगळ्यांना होईल असा शिवतं का?

घरी आली ती मोठ्या पोटाची, स्टीलच्या तारांची. मांडीवर घेतली की मॉनिकाबायचा खांदा कानाला टेकायचा. तारा दांडीपासून उंच, दाबताना बोटांत रुतायच्या. बेव्हर्ली म्हणाली, दुकानात नेऊन तारा खाली करून घेऊ. पण गिटार घरात सापडेल तर ना! कधी चर्चमध्ये, कधी ॲश्टनच्या दोस्ताकडे. परत यायची तेव्हा सूर उतरलेले. शेवटी मॉनिकाबाय म्हणायला लागली, "माझी बोटंच जाड रे."

"बोटांना काय झालंय?" मी ओरडलोच. "ती लहानवाली घेऊन ये ना."

"वेडा झालास? घरात एक असताना दुसरी? म्हातारीला फॅड लागलं म्हणतील."

"म्हणू दे ना! गेले खड्ड्यात!"

"तुझं बरं आहे," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

गेल्या मेमध्ये तिच्या पुतण्याचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणतात, उंबराचं पाणी म्हणतात त्याला. गिटार ॲश्टनच्या गळ्यात, सगळ्यात पुढे. झकास वाजत होती, खोटं कशाला बोलू. मॉनिकाबाय मांडवामागे घामाघूम होऊन मैद्याचे फुगे तळत होती.

बेव्हर्ली तिच्याजवळ फोन घेऊन आली. "मावशी, गिटार राहू दे. नुसतं गा, मी रेकॉर्ड करते."

मॉनिकाबायने हात पुसले, गॅस बारीक केला आणि गायला लागली. आवाज अजून खणखणीत. दोन कडवी सरळ आली. तिसऱ्याला ती थांबली. पुन्हा दुसऱ्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली.

"मिरच्यांचं होतं गं काहीतरी..." कढईकडे बघत ती पुटपुटली.

मांडवातून हाक आली, "मॉनिकाबाय, फुगे संपले!"

"बंद कर तो फोन," ती बेव्हर्लीला म्हणाली. "आठवलं की सांगते."

अजून सांगितलेलं नाही. मेलनीला दोन कडवी येतात.