कादंबरीची वही

कादंबरी लिहायची म्हणून मी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि आईला सांगायची चूक केली. आमच्या निर्मळ गावात नवी स्कूटर घेतली तरी आधी फादरांचा आशीर्वाद लागतो. आईने वही चर्चमध्ये नेली, फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि वही घरातल्या अल्तारावर क्रुसापाशी जाऊन बसली. आता तिथून उचलून तिच्यात खाडाखोड करायची कोणाची छाती होईल? आशीर्वाद द्यायचा तर द्या, पण माणसाला लिहायची सोय तरी ठेवा. वर्षभर मी आईवर चिडलो, फादरांवर चिडलो, ‘कुठवर आलं?’ विचारणाऱ्या शेजाऱ्यांवर तर रोजच.

ऑक्टोबरात आमच्या आळीत रोज एकेका घरी रोझरीची प्रार्थना असते. परवा बघतो तर कोणत्या दिवशी कोणाच्या घरी, ही सगळी यादी आईने माझ्या वहीत लिहून ठेवलेली, तीही बॉलपेनने. माझं डोकंच फिरलं.

“त्या वहीत माझी कादंबरी होती,” मी ओरडलो.

आई वालाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, “कुठल्या पानावर?”