सिमर म्हणजे किती मिनिटं

लवळ्याच्या एका कॉलेजच्या कँटीनला नवा ठेकेदार आला आणि त्यानं भिंतीवर इंग्रजीत छापलेले कागद चिकटवले. कुठला पदार्थ कसा करायचा, ओळीनं. माझी आई तिथं अकरा वर्षं आमटी-भाजी करत होती. आता म्हणे तिनं कागद वाचून रांधायचं! माझं डोकंच फिरलं. पण जमलं नाही तर घरी बसा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. मी विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवते, पगार कधी होईल ते देवालाच ठाऊक. घर तिच्यावरच चालायचं.

तिनं कागदाचा फोटो काढून आणला, मी तो वाचून दाखवला. बॉईल, फ्राय तिला ऐकून माहीत होतं. अडलं ते सिमरपाशी. मी अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं, उकळी आली की आच कमी करायची, खदखद थांबते आणि नुसती रटरट राहते, ते सिमर.

"किती मिनिटं, ते सांग," ती म्हणाली.

मिनिटं कसली मोजतेस, म्हटलं. आमटीकडं पाठ करून भाकरी थाप, आवाज बदलला की वळ, हे मला तूच शिकवलंस ना? तिनं पुन्हा मिनिटंच विचारली. मी वैतागले. जन्मभर रांधून एवढंही कळू नये, असं तोंडावर बोलले.

चार दिवसांनी ती भरदुपारीच घरी आली. आधी ती पातेल्यापुढून हलायची नाही, पण नव्या ठेकेदारानं कणीकही तिच्याच गळ्यात मारली होती. आमटी तळाला लागली, शेजारच्या शेगडीवरची बाई हाका मारत राहिली आणि ही पाठ करून मळतच होती. त्यानं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी भांडायला निघाले. चपला घालताना तिनं माझा दंड धरला.

"मला रटरट ऐकाया येत न्हाई. समोरचं बोलनं तेवढं ओठांवरनं कळतंय. दोन वर्सं झाली. म्हून मिनिटं इचारत हुते."

मी पायातली चप्पल काढली. दोन वर्षं! हाकेला ओ दिली नाही की मी म्हणायचे, मुद्दाम करतेस. दुसरीकडं काम बघू म्हटलं, तर म्हणाली, बहिऱ्या बाईच्या हाती कोण पातेलं देणार.

संध्याकाळी तिनं घरची आमटी गॅसवर ठेवली आणि पातेल्यात डोळे घालून उभी राहिली. चुकलं माझं आई, मी मागून म्हणाले. ती वळली नाही. समोर जाऊन तेच म्हणायची हिंमत मला झाली नाही.